आधी वजाबाकी, मग बेरीज



गेल्या वर्षी आषाढातील एका सकाळी माझी धाकटी जाऊ चेहऱ्यावर ओला पंचा धरून स्वयंपाकघरात आली. “वहिनी, नुसते पाणी लावले तरी तोंड पेटल्यासारखे होते,” एवढेच ती म्हणाली आणि पाटावर बसून राहिली. अडतीस वर्षांच्या आयुष्यात तिला त्वचेची तक्रार कधी ठाऊक नव्हती. कोणताही साबण, कोणतेही तेल, सणाला कोणतेही उटणे तिला चालत असे. तीच त्वचा आता वारा, ऊन, घाम आणि पाणी यांपैकी काहीच सोसेना.

त्यानंतरचा महिना आमच्या घरात नव्या वस्तूच्या शोधात गेला. कोणी कोरफडीचा रस सुचवला, कोणी गुलाबपाणी, कोणी बेसन-हळदीचा लेप. बारामतीस जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक नवी बाटली घरी येई. चार दिवस ती लावायची, आग वाढली की फळीवर ठेवायची आणि दुसरी आणायची, असा क्रम चालला. महिनाअखेरीस मी न्हाणीघरातील फळी आवरली, तेव्हा अर्धवट वापरलेल्या अकरा बाटल्या व नळ्या निघाल्या. चेहरा मात्र पूर्वीपेक्षा लाल झाला होता.

या अंकात त्या अकरा बाटल्यांविषयी लिहिते आहे. ऐन तिशी-चाळिशीत, बाळंतपणानंतर, रजोनिवृत्तीच्या सुमारास किंवा एखाद्या औषधानंतर त्वचा अचानक हळवी होण्याचा अनुभव पुष्कळ भगिनींना येतो. अशा वेळी पहिला प्रश्न मनात येतो तो “आता काय लावू?” हाच. आमच्या अनुभवाने तो प्रश्न चुकीचा ठरला. “आता काय काय थांबवू?” असे प्रथम विचारायला हवे होते.

शेवटी आम्ही बारामतीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी औषध लिहून देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. मागील सहा महिन्यांत चेहऱ्यास काय काय लावले? घरात किंवा दुकानात हात कशाकशाला लागतात? घराभोवती गाजरगवत आहे का? पहिल्या प्रश्नाशी जाऊ थबकली. घरातील लग्नासाठी माघापासून वैशाखापर्यंत, जवळजवळ चार महिने, रोज रात्री तिने गोरेपणाचे एक मलम लावले होते. लग्न झाले, मलम थांबले आणि दोन आठवड्यांत आग सुरू झाली. ते मलम आणले कोठून, याचे उत्तर तिने मान खाली घालून दिले. ते आमच्याच दुकानातील होते.

त्या छोट्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, घटकांची यादी नव्हती. बाई म्हणाल्या, “अशा डबीत बहुधा स्टिरॉइड असते, कधी पाराही असतो. चेहरा आठ दिवसांत उजळतो, म्हणून लोक विश्वास ठेवतात.”

स्टिरॉइडचे मलम हे योग्य रोगावर, योग्य मुदतीत उपयुक्त औषध आहे. परंतु ते प्रसाधन म्हणून महिनोन्‌महिने लावले, तर त्वचेचा थर पातळ होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, पुटकुळ्या येतात, केस वाढतात. मलम थांबवले की दबलेला दाह दुपटीने उसळतो. म्हणून माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो आणि त्या फेऱ्यातून सुटत नाही. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले आहे : ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’. त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. किराणा किंवा जनरल स्टोअर्सच्या फळीवर तर त्यांना जागाच नाही.

पाऱ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून गोरेपणाच्या बनावट मलमांत तो मिसळला जातो. त्वचेतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर आघात करतो. आपल्या राज्यात अकोल्याच्या एका घरातील मायलेकींना अशाच मलमामुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे काही वर्षांपूर्वी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीतून पुढे आले. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत त्या आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरत होते. आपल्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधन बनवताना पारा घालण्यास मनाई आहे. नकळत राहिलेला अंशही सर्वसाधारण प्रसाधनात दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. बाईंनी जावेच्या लघवीतील प्रथिने व रक्त तपासून घेतले. सुदैवाने दोन्ही ठीक निघाले. ते अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस आमच्या घरात कोणालाही जेवण गोड लागले नाही.

आता गाजरगवताचा प्रश्न. तो आपल्या पुणे जिल्ह्याच्या अनुभवातून आलेला आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास या परदेशी तणाची नोंद पुण्यात झाली आणि पुढील काही वर्षांत ते रस्त्यांच्या कडा, पडीक जागा व कालव्यांचे काठ व्यापत गेले. त्यानंतर पुण्याच्या डॉक्टरांकडे एका नव्या प्रकारचे रुग्ण येऊ लागले. बहुतेक प्रौढ, ज्यांची त्वचा तोवर निरोगी होती, त्यांचा चेहरा, मान, पापण्या आणि कोपरांच्या घड्या लाल होऊन सुजत, खाजत आणि कालांतराने जाड पडत. डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून या विकाराविषयी लिहिले आणि तो जगातील त्वचातज्ज्ञांच्या नजरेस आणला. या तणातील ‘पार्थेनिन’ हा घटक सुकलेल्या झाडाच्या धुळीबरोबर वाऱ्यावर येतो. झाडाला हात लावण्याचीही गरज नसते. वर्षानुवर्षे सोसलेली गोष्ट एके दिवशी शरीर सोसेनासे होते, हे पुणे जिल्ह्याने असे पाहिले आहे.

आमच्या माळेगावातही कालव्याच्या कडेने आणि मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यात हे गवत कमरेइतके वाढते. जावेचा त्रास त्यामुळे नव्हता, हे पुढे तपासणीत ठरले. तरीही त्या प्रश्नाने आम्हांला दोन गोष्टी शिकवल्या. एक, दोषी वस्तू नेहमी आरशासमोरच असते असे नाही. ती खिडकीतून येते, दुकानातील पोत्यांतून येते, केसांच्या कलपातून आणि कपाळावरच्या टिकलीतूनही येते. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची. गाजरगवत ज्या कुळातील, त्याच कुळात शेवंती, झेंडू, सूर्यफूल, कॅमोमाइल, कॅलेंड्युला व अर्निका येतात. ‘वनौषधीयुक्त’, ‘हळव्या त्वचेसाठी सौम्य’ असे लिहिलेल्या कित्येक मलमांत यांतील शेवटची तीन असतात. ज्याला गाजरगवताची अॅलर्जी आहे, त्याच्या चेहऱ्यावर हेच सौम्य मलम आग ओतू शकते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत आपण सोडली पाहिजे. लिंबाचा रस, कच्ची हळद, बेसनाचे खरखरीत घासणे, तुरटी, मोहरीचे तेल हे सारे नैसर्गिकच आहे. पण सोललेल्या त्वचेवर यांतले काहीही चालत नाही.

त्वचा हळवी होते म्हणजे नेमके काय होते, हेही बाईंनी सोप्या शब्दांत सांगितले. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. चुना झडला की आतील ओलावा बाहेर जातो आणि बाहेरील साबण, सुगंध, धूळ आत शिरते. हा थर पूर्ण नवा होण्यास साधारण चार आठवडे लागतात. वाढत्या वयात त्याहून अधिक. दर चार दिवसांनी वस्तू बदलणारा माणूस भिंतीला सुकण्यास वेळच देत नाही. आमच्या अकरा बाटल्यांचे रहस्य हेच होते.

म्हणून प्रथम वजाबाकी. बाईंनी सर्व काही बंद करवले. चार आठवड्यांसाठी तीनच गोष्टी ठेवल्या : साबणरहित सौम्य धुण्याचे द्रव्य, सुगंधरहित साधे ओलावा राखणारे मलम आणि उन्हापासून आडोसा. चेहरा दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने धुवायचा. पुसायचा नाही, मऊ पंचाने टिपायचा. आणि ओलसर असतानाच मलम लावायचे. जेथे फार कोरडे वाटे, तेथे साधी पांढरी पेट्रोलियम जेली. उन्हासाठी छत्री व पदर. पुढे जेव्हा उन्हाचे मलम सुरू केले, तेव्हा झिंक ऑक्साइडचे निवडले, कारण हळव्या त्वचेस ते सहसा सोसते. स्टिरॉइडचे मलम दीर्घकाळ वापरले असेल, तर ते एकदम थांबवायचे की हळूहळू, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. हा निर्णय घरी घेऊ नये.

साबणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपण तो वापरतो आणि विकतोही. त्वचेचा स्वाभाविक सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. नेहमीच्या साबणाचा नऊ ते दहा. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाची प्रतवारी त्यातील एकूण स्निग्धांशावरून होते : पहिल्या प्रतीत किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० टक्के आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के. ‘बेदिंग बार’ असे लिहिलेल्या वड्या या प्रतवारीबाहेर असतात. पहिल्या प्रतीचा साबण निरोगी त्वचेस बरा; पण तोही शेवटी अल्कधर्मीच असतो. त्वचा हळवी झाली असता काही महिने चेहऱ्यापुरता साबण वर्ज्य करणेच हिताचे. बोअरचे पाणी जड असेल, तर साबणाचा चिकट थर त्वचेवर राहून त्रास आणखी वाढतो.

चार आठवडे झाले. चेहरा पूर्ण बरा नव्हता, पण पाण्याची आग थांबली होती. मग सुरू झाली बेरीज, एका वेळी एकाच वस्तूची. आपल्या घरांत जमाखर्चाची वही असते. जावेने तशीच एक वही केली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात वस्तूचे नाव व बॅच क्रमांक, तिसऱ्यात लावण्याची जागा, चौथ्यात परिणाम. नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूस, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावायची. खाज, लाली, पुरळ काही नाही, तरच ती चेहऱ्याच्या कडेला; आणि मग सर्व चेहऱ्यास. दुसरी वस्तू त्यानंतर दोन आठवड्यांनी. काम कंटाळवाणे आहे, पण नुकसान कोणत्या मालाने झाले हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. दहा वस्तू एकदम लावणारास दोषी वस्तू कधीच सापडत नाही.

विकत घेताना वेष्टनाची मागील बाजू वाचावी. आपल्या नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का व त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. यादी जितकी आखूड, तितके हळव्या त्वचेला बरे. ‘परफ्यूम’, ‘पार्फम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द असल्यास ती वस्तू ठेवून द्यावी. ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स फ्री’ हे शब्द सारखे नाहीत. पहिल्यात वास झाकण्यासाठी दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ या लांबलचक नावाच्या परिरक्षकाने इतक्यांना त्रास दिला की युरोपात धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत त्यास २०१७ पासून बंदी आहे. उलट, ज्यांची सर्वत्र भीती घातली जाते ती पॅराबेन परिरक्षके अॅलर्जीच्या दृष्टीने बरीच सौम्य आहेत. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१९ साली त्यांना ‘अॅलर्जी न करणारे’ म्हणून मुद्दाम गौरविले. ‘हायपोअॅलर्जेनिक’ व ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेले’ या शब्दांवर भरवसा ठेवून यादी न वाचणे मात्र टाळावे.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो : यात जीवजन्य काही आहे काय? येथे यादी वाचण्याचा दुहेरी लाभ आहे. ‘लॅनोलिन’ ही मेंढीच्या लोकरीची चरबी. अहिंसेच्या दृष्टीने ती अनेकांना नको असते आणि ज्या संस्थेचा वर उल्लेख केला, तिनेच २०२३ साली तिला ‘वर्षाचा अॅलर्जीकारक पदार्थ’ म्हटले. ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे जनावराच्या चरबीपासूनचा साबण. ‘सोडियम पामेट’ हा पामतेलाचा. ‘कारमाइन’ अथवा ‘सी. आय. ७५४७०’ हा लाल रंग किड्यांपासून काढतात. ‘बीजवॅक्स’ म्हणजे मधमाशांचे मेण. ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य, दोन्ही असू शकतात. तेथे हिरवा ठिपका पाहावा, आणि तो नसेल तर उत्पादकास विचारावे. पेट्रोलियम जेली खनिज असल्याने हा प्रश्न तेथे येत नाही. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी करण्यास आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे आणि अशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीसही त्याच वर्षी बंदी झाली.

एवढे करूनही दोन आठवड्यांत उतार नसेल, तर डॉक्टरांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या लहान चकत्या चिकटवतात आणि दोन व चार दिवसांनी त्वचा पाहतात. गाजरगवत, सुगंध, केसांच्या कलपातील व काळ्या मेंदीतील पीपीडी, खोट्या दागिन्यांतील निकेल यांपैकी काय बाधते, ते त्यातून कळते. टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसू लागल्यास चिकटपट्टीची टिकली त्याच दिवशी सोडावी. तिच्या गोंदातील एक रसायन त्वचेचा रंग घालवते. ओठ किंवा पापण्या सुजणे, श्वास लागणे, फोड येणे, पू होणे यांपैकी काही झाले, तर वही बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा.

आता दुकानाचे सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. बाईंकडून परतलो त्या रात्री जेवणे झाल्यावर सासऱ्यांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, दुकान पुन्हा उघडले. फळीवर त्या मलमाच्या चौतीस डब्या होत्या. पक्के बिल नव्हते. फेरीचा माल म्हणून घेतलेला. दादांनी डब्या पोत्यात भरल्या. माझे यजमान म्हणाले, “निदान ज्याने दिल्या त्याला परत करू.” दादा म्हणाले, “तो पुढच्या गावात विकेल. नको.” त्यांनी त्या डब्या बारामतीस नेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कशी करायची याची चौकशी केली आणि झालेला तोटा वहीत आपल्या नावे लिहिला.

पैसे गेले त्याचे कोणाला फारसे वाटले नाही. परंतु त्याआधी किती डब्या विकल्या गेल्या, याचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता. घेणाऱ्यांत महाविद्यालयात जाणाऱ्या मुली होत्या, नव्या सुना होत्या, गळीत हंगामात आलेल्या ऊसतोड कुटुंबांतील बाया होत्या. त्यांच्यापैकी कोणाला तज्ज्ञ डॉक्टर मिळाला असेल आणि कोणाला नाही, हे आम्हांस कळण्याचा मार्ग नाही. ज्यांची ओळख होती, त्यांच्या घरी जाऊ स्वतः गेली. आपला लाल चेहरा दाखवून तिने सांगितले, “हे आमच्याकडून नेले असेल तर लावू नका, आणि डॉक्टरांना दाखवा.” तीन घरांत तिला चहा मिळाला, दोन घरांत बोलणी ऐकावी लागली. तिने दोन्ही निमूटपणे घेतले.

आज वर्ष होत आले. जावेचा चेहरा पूर्वीइतका सोशीक राहिलेला नाही. वैशाखातील उन्हात अजूनही गाल लाल होतात. न्हाणीघरातील फळीवर आता तीनच वस्तू असतात आणि त्यांच्याशेजारी ती वही. दुकानात नियम झाला आहे : परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी आणि पक्के बिल यांपैकी एकही नसेल, तर माल घ्यायचा नाही. गेल्या आठवड्यात एक मुलगी “आठ दिवसांत गोरे करणारे” मलम मागण्यास आली. गल्ल्यावर जाऊच होती. ती म्हणाली, “बाळ, ते आम्ही ठेवत नाही. का ठेवत नाही ते सांगू का?” मुलीने मान हलवली. जाऊ गल्ल्यावरून उठली आणि तिला आत बसवून वही उघडली.